उजेड, उजनी आणि दोन अँटेना

मी लातूरला निघाले तेव्हा आमच्या विभागप्रमुखांनी दोन गोष्टी विचारल्या. सोबत कोण आहे, आणि वायरलेसला जोडायची ही पेटी नेमकं काय करते. पहिल्याचं उत्तर ‘कोणी नाही’ असं होतं, ते त्यांना आवडलं नाही. दुसऱ्याचं उत्तर मी पाच मिनिटं दिलं, तेही आवडलं नाही.

“हे सगळं परदेशातल्या प्रयोगशाळेत शोभतं,” ते म्हणाले. “टँकरच्या ड्रायव्हरला दोन अँटेना कशाला? त्याला एक धड वापरता येत नाही.” मग जरा मवाळ होऊन म्हणाले, “जायचंच असेल तर सहायकाला पाठवा. तुम्ही बाईमाणूस, उन्हात कुठं फिरता?”

पेटी मी बनवली होती. चार महिने, कॉलेजात शिकवून आल्यावर, नांदेडच्या भाड्याच्या खोलीत पंखा बंद ठेवून, कारण पंख्याच्या वाऱ्यानं सोल्डरिंगची कांडी थंड पडते. तिच्यातला एकेक सांधा माझ्या हातचा होता. मी म्हणाले, “सर, सहायक गेला तर तो पेटी घेऊन जाईल. मी गेले तर उत्तर घेऊन येईन.” आणि रजेचा अर्ज टेबलावर ठेवला.

लातूर जिल्हा वेगळा होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते, आणि नव्या जिल्ह्याच्या नशिबी आल्या आल्या दुष्काळ आला होता. टँकर पळत होते. टँकरांवर वायरलेस सेट बसवले होते, म्हणजे कुठल्या गावाला पाणी न्यायचं ते लातूरहून बोलून सांगता यावं. पण आवाज तुटतो, अर्धा शब्द येतो, अर्धा जातो, अशी तक्रार होती. ती माझ्या कानावर आली, मी तिथल्या टंचाई कार्यालयाला पत्र लिहिलं, आणि तिकडून उलट टपाली उत्तर आलं: याल तर जीप आणि चालक देऊ, बाकी जबाबदारी आपली.

नांदेड ते लातूर

पेटी मांडीवर आणि दोन अँटेना जुन्या लुगड्यात गुंडाळून खिडकीशी उभ्या, अशी मी बसमध्ये बसले. लोह्याला चढलेल्या एका बाईंनी विचारलं, “पडद्याच्या सळया हायत का?” मी म्हटलं, “आवाज धरायच्या सळया आहेत.” त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

आमच्या गोदावरीत त्या साली डबकी उरली होती, पण डबक्यात पाणी तरी होतं. लोहा मागं पडलं तसं तेही दिसेना. काळी जमीन हात जाईल एवढी फाटलेली. बांधावरची बाभळ तेवढी हिरवी. अहमदपूरच्या अलीकडे देवणी जातीची जनावरं रस्त्याच्या कडेनं छावणीकडे चालली होती, पांढऱ्या अंगावर काळे डाग, मान अजून ताठ, पण बरगड्या मोजता येत होत्या. बसमधल्या सगळ्यांनी खिडकीतून वाकून पाहिलं.

लातुरात शिरताना कचेऱ्यांच्या पाट्यांकडे माझं लक्ष गेलं. जुन्या जिल्ह्याचं नाव रंगानं झाकून वर नवं नाव लिहिलं होतं, पण रंग पातळ. खालचं ‘उस्मानाबाद’ उन्हात दिसतच होतं.

टंचाईचं काम बघणारं ते कार्यालय एका भाड्याच्या इमारतीत होतं. त्याचं नाव मी घेत नाही. साहेब सभ्य होते. त्यांनी चहा मागवला, माझं पत्र पुन्हा वाचलं, आडनावावर त्यांचं बोट थांबलं.

“सोनकांबळे,” ते म्हणाले.

“हो. सोनकांबळे,” मी म्हटलं.

“बरं, बरं. शिकलात हे चांगलं झालं.”

मी चहा संपवला. असल्या वाक्याला काय उत्तर द्यायचं हे मी लहानपणापासून शोधते आहे. त्या दिवशी म्हटलं, “तुम्हीही शिकलात हे चांगलं झालं, साहेब. आता जीप कुठं आहे?”

कारकून फायलीत तोंड घालून हसला. साहेब हसले नाहीत. “जीप उद्या सकाळी. चालकही देतो. एक मोकळाच आहे.” या ‘मोकळाच’वर कारकून पुन्हा हसला. ते हसू मला दुसऱ्या दिवशी कळलं.

औशाचा रस्ता

सकाळी लातूरच्या एका हॉटेलात सुशीला खाल्ली. हे नाव ऐकून बाहेरचे लोक हसतात. भिजवलेले मुरमुरे, कांदा, दाण्याचं कूट, वर लिंबू. लिंबू नव्हतं. हॉटेलवाला म्हणाला, “लिंबाला बी पानी लागतंय, मॅडम.” आमच्याकडे पाहुणा बसला की विचारायच्या आत पाण्याचा तांब्या पुढं येतो. इथं आधी विचारतात, “पाणी लागतंय का?” पहिल्यांदा मला तो अपमान वाटला. दुपारपर्यंत मीही ‘नको’ म्हणायला शिकले.

चालकाचं नाव व्यंकट बिराजदार. पन्नाशीचा, निलंग्याकडचा, अंगावर धुतलेला खाकी सदरा. मी एक अँटेना जीपच्या पुढच्या बंपरवर बसवली, दुसरी मागच्या फळीवर. तो बाजूला उभा राहून पाहत होता.

“एकानं आवाज येत न्हाई,” तो शेवटी म्हणाला, “मग दोन लावून काय डबल येनार का?”

मी त्याला सांगितलं ते इथंही सांगते. लातूरच्या खांबावरून निघालेली लहर जीपपर्यंत एकाच वाटेनं येत नाही. एक सरळ येते, एक टेकडीवर आपटून येते, एक गोदामाच्या पत्र्यावरून उलटून येते. जिथं त्या एकमेकींना साथ देतात तिथं आवाज खणखणीत. जिथं एकमेकींना मारतात तिथं शांत. आणि या दोन जागा शेजारी शेजारी असतात. म्हणून दोन अँटेना एकमेकींपासून दूर लावायच्या. एक मुक्या जागेत सापडली तर दुसरी बहुतेक बोलत्या जागेत असते. पेटी दोन्ही ऐकते आणि जी चांगली तिचाच आवाज पुढं सोडते. बस.

व्यंकट हसला नाही. तो म्हणाला, “दोन हात.”

“काय?”

“दोन हातांवर आसतंय ते. गाडी उभी केली, आवाज न्हाई. दोन हात पुढं घ्या, येतोय. अजून दोन हात घ्या, गेला. मी कवापासून करून राहिलो हे.”

या लहरींसाठी पुस्तकातलं गणितही साधारण दोन हातच सांगतं, एक मीटरच्या आसपास. मला ते समजून घ्यायला एक वर्ष लागलं होतं. त्यानं औशाच्या रस्त्यावर जीप थांबवून मला ते दाखवलं. सेट घोगऱ्या आवाजात खरखरत होता. त्यानं क्लच सोडून जीप तेवढीच पुढं सरकवली आणि ऑपरेटरचा आवाज शेजारी बसल्यासारखा आला. पुन्हा सरकवली, गेला.

“हे तुम्ही कुणाला सांगितलं नाही?”

“सांगितलं की. सायबाला सांगितलं. त्यायनी लिवून घेतलं न्हाई.”

मग मी विचारलं, तुम्ही मोकळे कसे. त्यानं जीप बंद केली आणि सांगितलं.

तो टँकरवर होता. औशाच्या अलीकडे रस्त्याच्या खाली एका खोलगट जागी विहीर आहे, तिथं टँकर भरतात. एका सकाळी पाइपाखाली टँकर भरत असताना लातूरहून वायरलेसवर हुकूम आला. ऐकू आलं ते एवढंच: “उज...” पुढचं गेलं. टँकर पाइपाखाली, दोन हात सरकायची सोय नाही. त्यानं विचारलं, “कुटं?” पुन्हा “उज...” आलं. त्यानं परत विचारलं. तेव्हा ऑपरेटर म्हणाला, “सांगितलं तिथं जा, किती वेळा सांगायचं?”

“तेवढं मातर समदं साफ ऐकू आलं,” व्यंकट म्हणाला.

त्याची रोजची खेप उजनी गावाची. औशाच्या पलीकडे. तो उजनीला गेला. हुकूम होता उजेडचा. उजेड तिकडं शिरूर अनंतपाळच्या बाजूला, लातूरच्या दुसऱ्या अंगाला. उजेडचे लोक दोन दिवस घागरी मांडून बसले. चौकशी झाली. कागदावर आलं की चालकानं हुकूम ऐकूनही जाणूनबुजून दुसऱ्या गावी पाणी नेलं आणि आवाज आला नाही असं खोटं सांगितलं. बोलणारे त्यापुढं गेले. उजनीत पाणी कुणाला तरी विकलं असणार, म्हणाले. त्याला टँकरवरून उतरवलं.

“तीस वरीस गाडी चालवली,” तो म्हणाला. “माणूस मारला न्हाई, जनावर मारलं न्हाई. आता म्हनत्यात खोटारडा.”

मी आले होते माझी पेटी तपासायला. औशाच्या त्या रस्त्यावर मला कळलं की पेटी तपासणं आता पुरणार नाही.

चाँदभाईची शेगडी

आणि पेटीनं पहिल्याच दिवशी मला तोंडावर पाडलं.

जीप चालू असताना दोन अँटेनांचा जोर क्षणाक्षणाला बदलतो. माझी पेटी एवढी चपळ होती की जरा इकडचं जास्त झालं की इकडे, जरा तिकडचं झालं की तिकडे, अशी उड्या मारत होती, आणि प्रत्येक उडीला ‘टक’ असा आवाज. ऑपरेटर गावांची नावं वाचत होता आणि मला ऐकू येत होतं टक टक टक. आधी शब्द तुटत होते, आता ठेचले जात होते. मी माईकवरून ते कळवलं, तर उघड्या वायरलेसवर ऑपरेटर म्हणाला, “मॅडमची पेटी टाळ वाजवून राहिली का?” सगळ्या टँकरांवर ते ऐकू गेलं असणार. मग साहेबांचा आवाज आला, सभ्य: “असू द्या मॅडम. प्रयत्न केलात. जीप संध्याकाळपर्यंत परत पाठवा.”

मी माईक उचलला. “जीप मला चार दिवसांसाठी दिलीय, साहेब. आज पहिला आहे.”

औशाला किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर रेडिओ दुरुस्तीचं एक दुकान आहे, चाँदभाईंचं. पांढरी दाढी, नाकाच्या टोकावर चष्मा. वीज गेलेली होती. त्यांनी पेटी उघडली आणि म्हणाले, “माशाल्ला. किसने बनाई?”

“मी.”

“अकेले?”

“हो.”

“तो फिर रोते कायकू? इसमें गलती नई है जी. ये जरा जल्दबाज है.” त्यांना दोनच मिनिटांत दुखणं कळलं होतं. पेटी सारखी तुलना करत बसते, तिला सांगायला हवं की हातातली अँटेना अगदीच पडल्याशिवाय दुसरीकडे जाऊ नकोस, आणि गेलीस की जरा तिथंच थांब. मी कागदावर आकृती बदलली. त्यांनी एका मेलेल्या रेडिओतून कपॅसिटर काढून दिला आणि सोल्डरिंगची कांडी कोळशाच्या शेगडीत तापवली, त्यांच्या तरुणपणी तापवायचे तशी. व्यंकटनं पुठ्ठ्यानं शेगडीला वारा घातला. घामाचा थेंब सर्किटवर पडू नये म्हणून मी कपाळाला पदर बांधला होता.

काम झाल्यावर चाँदभाईंच्या घरून ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी आली. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीला करतात, इथं दुष्काळात रोज, कारण त्याला भाजी लागत नाही. आमटी झणझणीत होती. शेजारी पाण्याचा एकच पेला होता, तिघांत. चाँदभाईंनी तो आधी माझ्यापुढं सरकवला.

परतताना जीप चाळीसच्या वेगानं चालली होती आणि ऑपरेटरला मी नावं वाचायला सांगितली. किल्लारी. मातोळा. भादा. लामजना. एकही ‘टक’ नाही. व्यंकट ऐकत होता, मग एकदम म्हणाला, “मॅडम, हे आईकून मला राग येऊन राहिला.”

मी विचारलं, कशाचा.

“त्या दिवशी हे आसतं तर.”

उजेड

तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, उजेडला जाऊ. मला तिकडच्या टेकड्यांआड आवाज कसा येतो ते पाहायचं होतं. व्यंकट म्हणाला, “तुमी जावा. मी गावाच्या बाहीर उभा राहतो.” मी म्हटलं, “जीप तुम्ही चालवता. मला चालवता येत नाही.” हे खरं होतं.

शिरूर अनंतपाळच्या बाजूला घरणी नदीचं पात्र लागलं. वाळूत झरे खणले होते, प्रत्येक झऱ्याशी एक बाई वाटीनं पाणी उपसत बसलेली. उजेडच्या वेशीत जीप उभी राहिली आणि माणसं जमली. त्यांनी आधी अँटेना पाहिल्या, मग व्यंकटला पाहिलं. चौकशीच्या वेळी त्याला तिथं आणलं होतं, कुणीतरी ओळखलं.

“ह्योच का तो?” एक म्हातारा म्हणाला. “आमचं पानी इकनारा?”

आवाज वाढले. व्यंकट जीपमधून उतरला. गर्दीतून एक बाई पुढं आल्या, गयाबाई. आमच्या वस्तीतल्या, म्हणजे गावाच्या शेवटी राहणाऱ्या बौद्ध वस्तीतल्या. गळ्यात निळा धागा होता, म्हणून मला कळलं. त्या त्याला म्हणाल्या, “गावाला दोन दिस पानी न्हाई मिळालं. आमाला तीन. कारण टँकर आला तरी आमची पाळी शेवटची. बोल आता.”

व्यंकटनं सांगितलं. जसं मला सांगितलं तसंच, एक शब्द जास्त नाही. पाइप, ‘उज’, ‘सांगितलं तिथं जा.’

गयाबाईंनी ऐकून घेतलं. “आन् आमी हे कामून खरं मानावं?”

“नका मानू,” मी मध्ये पडले. “मीही नुसतं सांगितलेलं मानत नाही. उद्या कळेल. मी पेटी त्याच विहिरीवर नेणार आहे आणि साहेबांना तिथं बसवणार आहे.”

“सायेब येनार?” कुणीतरी हसलं.

“येतील,” मी म्हणाले. तोवर मी त्यांना विचारलंही नव्हतं.

गयाबाई मला वस्तीत घेऊन गेल्या. “जयभीम” म्हणाल्या आणि विचारलं, “पानी लागतंय का?” मी नको म्हटलं. त्यांनी अर्धं फुलपात्र आणलंच. “घ्या. पाव्हनी हाव तुमी. नको म्हनायचं आमी शिकलोय, तुमी शिकू नका.” मी ते प्यायले. पाणी गढूळ होतं आणि त्यात वाळूची चव होती.

उजेडच्या मागच्या टेकडीआड माझी पेटीही गप्प झाली. दोन्ही अँटेनांना काहीच मिळत नसेल तर त्यातून निवडायचं काय? मी ते वहीत लिहून घेतलं. जे येत नाही ते येत नाही असं लिहिलं तरच जे येतं त्यावर कुणी विश्वास ठेवील.

विहिरीवर

साहेबांना आणणं सोपं नव्हतं. मी लातूरला परत गेले, त्यांच्या दारात उभी राहिले आणि म्हटलं, “अहवालात मी लिहिणार आहे की विहिरीवर आवाज तुटतो. तुम्ही स्वतः ऐकलं नाही तर तेही लिहावं लागेल.” ते दुसऱ्या दिवशी आले. आपल्या गाडीनं, कारकुनाला घेऊन.

ठरलं ते असं. ऑपरेटरनं जिल्ह्यातल्या गावांची नावं आपल्या मनानं, कुठल्याही क्रमानं लिहून काढायची आणि एकेक नाव एकदाच वाचायचं. यादी त्याच्याकडेच. जीपमध्ये साहेबांनी ऐकून लिहायचं. आधी एका अँटेनावर, मग दोन्हींवर.

जीप पाइपाखाली उभी केली. पहिली पाच-सहा नावं ऐकल्यावर साहेब म्हणाले, “हे बिराजदारनं मुद्दाम वाईट जागी उभं केलंय.”

“बरोबर,” मी म्हटलं. “मग तुम्ही सांगा कुठं उभं करायचं.”

त्यांनी वीस पावलं पुढची जागा दाखवली. तिथं काही नावं स्वच्छ आली आणि त्यांचा चेहरा खुलला. मी म्हटलं, “आता जरा चालवत नेऊ? टँकर कुठं उभा असतो सारखा?” व्यंकटनं जीप हळूहळू काढली. आवाज कापला जाऊ लागला. साहेब कान सेटला लावून लिहीत होते, खोडत होते, पुन्हा लिहीत होते. त्यांच्या मानेवरून घाम ओघळत होता.

मग मी दुसरी अँटेना जोडली. त्याच रस्त्यानं, त्याच वेगानं, नवी यादी. साहेब एकदाही खोडत नव्हते.

लातूरला परत येऊन कागद ऑपरेटरच्या याद्यांशेजारी ठेवले. दोन अँटेनांच्या यादीत एक-दोन चुका होत्या. एका अँटेनाच्या यादीत निम्मीही नावं जुळत नव्हती. कारकून त्या यादीच्या एकेका ओळीवर पट्टी सरकवत वाचत होता. अर्ध्यात तो थांबला.

“काय झालं?” साहेबांनी विचारलं.

कारकुनानं पट्टी उचलली नाही. “सायेब, ऑपरेटरनं वाचलं उजेड. तुमी लिवलंय उजनी.”

ऑपरेटर दारात उभा होता, तो जमिनीकडे पाहू लागला. व्यंकट बाहेर व्हरांड्यात होता. त्याला ऐकू गेलं असेल की नाही माहीत नाही, म्हणून मी मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, “उजेडचं उजनी ऐकू आलं, साहेब. तुम्हालाही.”

कागद

चौथ्या दिवशी दुपारी साहेबांनी तीन टँकरांवर दोन अँटेना लावून बघायचं मान्य केलं. आकृती चाँदभाईंकडे ठेवायची, पेट्या ते बनवतील, असं मी सुचवलं तेही मान्य झालं. आणि एक टाइप केलेला कागद व्यंकटच्या हातात दिला. त्यानं तो माझ्याकडे दिला. “वाचा.”

मी वाचलं. व्यंकट बिराजदार यांना टँकरवर पूर्ववत कामावर घेण्यात येत आहे. एवढंच.

“मी खोटं बोललो न्हाई आसं कुटं लिवलंय?”

“कुठंच नाही.”

त्यानं कागद माझ्या हातून घेतला आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला.

“आता काय?” साहेब म्हणाले. “कामावर घेतलं ना?”

“काम न्हाई मागितलं, सायेब. काम तर मी करतच हुतो.”

“असं वाक्य सरकारी कागदावर लिहीत नसतात.”

मला राहवलं नाही. “खोटं बोलला असं लिहिलं तो कागद सरकारीच होता ना?”

साहेब माझ्याकडे वळले. सभ्यपणा गेला होता. “मॅडम, तुम्ही तांत्रिक कामासाठी आलात. तुमच्या अहवालात चालकाबद्दल एक अक्षर लिहू नका. नाहीतर मला तुमच्या प्राचार्यांना लिहावं लागेल.”

“लिहा. पत्ता मी देते,” मी म्हटलं, आणि दिला. तसं पत्र पुढं खरंच आलं. प्राचार्यांनी खुलासा मागितला, मी तीन पानी दिला, त्यात माफी नव्हती. माझी पगारवाढ त्या वर्षी अडली. ती अडणार हे मला त्या खोलीतच कळलं होतं, आणि घाबरले नव्हते असं मी म्हणणार नाही. पण व्यंकट व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसला होता, आणि मीही जाऊन त्याच्याशेजारी बसले.

“तुमची बस हाय ना?” तो म्हणाला.

“उद्याही असते.”

आम्ही तिथं ऊन कलेपर्यंत बसलो. टँकरचे दुसरे चालक येत-जात होते. त्यांनी विचारलं, व्यंकटनं सांगितलं. त्यातला एक आमच्याजवळ बसला. मग अजून एक. कुणी घोषणा दिली नाही, कुणी काही मागितलं नाही. टँकर अंगणात रिकामे उभे राहिले. आतून साहेबांनी दोनदा बाहेर डोकावून पाहिलं. तिसऱ्यांदा कारकुनाला हाक मारली, आणि टाइपरायटर वाजायला लागला.

नव्या कागदावर एक वाक्य जास्त होतं: संदेश अपुरा ऐकू आल्याबाबत चालकाने दिलेली माहिती खरी असल्याचे प्रत्यक्ष तपासणीत आढळले. व्यंकटनं मला ते दोनदा वाचायला लावलं. मग त्यानं पोच म्हणून सही केली, सावकाश, पूर्ण नाव लिहून.

दुसऱ्या सकाळी मी नांदेडच्या बसला न जाता त्याच्या टँकरमध्ये चढले. उजेडची पहिली खेप त्यानं स्वतः मागून घेतली होती. उजेडच्या वेशीत माणसं घागरी घेऊन धावली. तो केबिनमधून उतरला, पण नळाला हात लावला नाही. खिशातून कागद काढून माझ्याकडे दिला.

“आधी हे,” तो म्हणाला. “मग पानी.”

मी टँकरच्या पायरीवर उभी राहून वाचलं. पुढची माणसं शांत झाली. मागून कुणीतरी विचारलं, काय म्हणाल्या. गर्दीच्या टोकाला, वस्तीच्या बायकांमध्ये, गयाबाई रिकामा हंडा कडेवर घेऊन उभ्या होत्या.

“बाई, परत वाचा,” त्या तिथून ओरडल्या. “मोठ्यानं वाचा. आन् ए बिराजदार, टँकर वस्तीकडं घे. आज सुरुवात हितून हुईल.”

गावातले काहीजण कुरकुरले. व्यंकटनं त्यांच्याकडे पाहिलं, केबिनमध्ये चढला आणि गाडी सुरू केली. मी पायरीवरच होते. एका हातानं दांडी धरून, दुसऱ्या हातात कागद धरून, चालत्या टँकरवरून मी ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले.